चारांपैकी चार

अकोल्याला जाते म्हटल्यावर पुण्यातल्या प्रत्येकाने मला उन्हाची भीती घातली. मी गेले ती १९६४ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत. सकाळी सातला फलाटावर उतरले तेव्हा शाल कानांवरून घ्यावी लागली. सोबत एक वळकटी, एक पिशवी आणि पिशवीत सात वर्षांपूर्वीची एक वही. ती माझी नव्हती. जिची जागा माझ्या कपाटात कधीच असायला नको होती, ती वही मी तिच्या मालकाला परत द्यायला निघाले होते.

मी एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सुखदेव तायडे हा माझा विद्यार्थी. अमरावतीजवळच्या वलगावचा. वडील जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या ढिगावर मजुरी करत. एम.एस्सी. झाल्यावर तो माझ्याच हाताखाली संशोधनाला राहिला. काम होतं एका हिरव्या शेवाळावरचं, क्लॅमिडोमोनास त्याचं नाव. एकाच पेशीचं, डोळ्यांना न दिसणारं. पेशीच्या पोटात वाटीसारखा एक हिरवा अवयव असतो, हरितलवक. उजेडावर अन्न तयार होतं ते तिथे. नर-मादीसारख्या दोन वेगळ्या जातींच्या पेशी एकमेकींत मिसळून एक होतात आणि काही दिवसांनी त्या एकीतून चार पिल्लं बाहेर पडतात. एखादा गुण दोघींपैकी एकीतच असेल, तर तो चारांपैकी दोन पिल्लांत उतरतो आणि उरलेल्या दोघांत उतरत नाही. पुस्तकातला नियम असा.

सुखदेवने क्षयाच्या औषधाला दाद न देणारी पेशी घेतली आणि तिची जोडी साध्या पेशीशी लावली. पिल्लं औषध घातलेल्या बशीत ठेवली. चारांपैकी चार जगली. मग औषधाला दाद न देणारी पेशी दुसऱ्या जातीची घेऊन जोडी लावली, तर चारांपैकी एकही जगलं नाही. प्रत्येक वेळी हेच. दोन-दोन कधीच नाही.

१९५७ साली मी ते आकडे पाहिले आणि ते बनवलेले आहेत असं ठरवलं. निसर्गात इतकं स्वच्छ काही नसतं, असं मी विभागप्रमुखांना म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं. सुखदेवची शिष्यवृत्ती थांबली आणि महिन्याभरात तो गावी गेला.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं, ते इथे लिहिलं नाही तर या प्रवासाला काही अर्थ राहणार नाही. माझ्याकडे तेव्हा आणखी दोघं संशोधक होते, दोघंही माझ्याच ओळखीच्या घरांतले. त्यांच्यापैकी कुणी असे आकडे आणले असते, तर मी म्हटलं असतं, "पुन्हा करून पाहा." सुखदेवला मी तसं म्हटलं नाही. आदल्याच वर्षी त्याच्या घरच्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला होता. त्यासाठी तो नागपूरला जाऊन आला, तेव्हा त्याची गैरहजेरी मी टिपून ठेवली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले.

यंदा पावसाळ्यात परदेशी नियतकालिकांचे अंक चाळताना वाचलं, की हरितलवकात स्वतःचं जनुकद्रव्य असतं. पेशीच्या केंद्रकाबाहेरचं, वेगळं. मग मागचे अंक काढले. सुखदेवला जे दिसलं होतं तेच दुसऱ्या कुणी तरी पाहून छापलंही होतं, आणि ते मी वाचलं नव्हतं. लवकातला गुण एकाच बाजूकडून येतो. म्हणून चारांपैकी चार.

वलगावच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं. उत्तराचं कार्ड अकोल्याहून आलं. पत्ता आणि खाली एक ओळ: "सुट्टीत घरीच असतो."

जठारपेठ

टांगेवाल्याने विचारलं, "जठारपेठेत कोनाकडे?"

"तायडे मास्तरांकडे. शाळेत शिकवतात."

"बाटल्यावाले मास्तर का? बसा."

रस्त्यात कापसाच्या गाड्या लागल्या. एकामागे एक, गाडीवर गाडीएवढाच उंच कापूस. रस्त्याकडेच्या बाभळींना घासून घासून त्यांच्या काट्यांना पांढरे पुंजके लागले होते. आमच्याकडे उसाच्या गाड्यांमागे पोरं धावतात. इथे कापसाकडे कुणी मान वळवूनही पाहत नव्हतं.

दार सुखदेवच्या बायकोने उघडलं. सुमन तिचं नाव. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्याच श्वासात विचारलं, "तुमीच का त्या पुन्याच्या बाई? आता काहून आल्या?"

पुण्यात हा प्रश्न तिसऱ्या कपानंतर येतो, तोही आडून. मी म्हटलं, "माझ्याकडून एक चूक झाली होती, ती सांगायला."

"मंग त्याईलेच सांगा," ती म्हणाली. "पानी प्या. जरा खारं लागन."

पाणी खरंच मचूळ होतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या कितीतरी विहिरी अशाच, हे मला भूगोलाच्या पुस्तकातून माहीत होतं. जिभेला आज कळलं.

सुखदेव बाहेरून आला. कानांजवळ पांढरे केस दिसू लागले होते. "नमस्कार, बाई," म्हणाला. मी म्हटलं, "कसे आहात तुम्ही?" तो म्हणाला, "पुण्यात तू म्हणायच्या."

मी वही काढून त्याच्या हातात दिली. त्याने उभ्याउभ्याच पानं उलटली. शाई विटकरी झाली होती.

"सुखदेव, तुझे आकडे बरोबर होते. मी चुकले."

"आकडे बरोबर होते हे मला माहीत होतं," तो म्हणाला. आवाज वर गेला नाही. वही त्याने फडताळावर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी ठेवली आणि म्हणाला, "जेवून घ्या. मग शाळेत जाऊ."

जेवायला ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी होती. या दाण्यांना इकडे सोले म्हणतात. तिखटाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि सुमनने न विचारता ताटात गुळाचा खडा ठेवला.

शाळेची प्रयोगखोली

प्रयोगखोली म्हणजे एक लांब टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि भिंतीतली दोन कपाटं. खिडकीत बाटल्यांची रांग. सगळ्यांत हिरवं पाणी.

"ही कुठली?" मी विचारलं.

"तुमच्याच प्रयोगशाळेतली. निघताना दोन्ही जातींच्या नळ्या खिशात घालून आणल्या. चोरीच्या म्हणा हव्या तर. दर पंधरा दिवसांनी नव्या आगरच्या जेलीवर उतरवतो. सात वर्षं झाली."

पुण्यातली आमची शेवाळं कधीच मेली होती. एका मे महिन्यात कुणाचं लक्ष राहिलं नाही आणि सगळ्या नळ्यांत बुरशी आली. ते मी त्याला सांगितलं.

"बाई, तुम्ही चूक सांगायला आलात, की शेवाळ न्यायला?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, "दोन्ही."

त्याने मान हलवली, जणू एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तर अर्धं बरोबर आलं होतं. "मग आधी वलगावला चला. मला सांगून काय होणार? मी तर तिथे होतोच. माझ्या बाबांना सांगा."

वलगाव

बडनेऱ्याला उतरून अमरावती, आणि तिथून परतवाड्याच्या बसने वलगाव. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, मध्ये तुरीच्या ओळी. आमच्या मावळी डोळ्यांना ही सपाटी सहन होत नाही. नजर अडवायला डोंगर शोधावासा वाटतो आणि डोंगर येत नाही.

सुखदेवच्या वडिलांपुढे, पुंजाजींपुढे, वाचायचं म्हणून मी एक निवेदन लिहून आणलं होतं. बसमध्ये इतकी दाटी होती की एका गाठोड्याचा धक्का लागून माझा चष्मा खाली पडला आणि उचलेपर्यंत कुणाच्या तरी वहाणेखाली गेला. दोन्ही काचांचा चुरा झाला. सुखदेवने चौकट उचलून दिली. माझ्या हातातला कागद आता नुसता पांढरा दिसत होता.

पुंजाजी अंगणात खाटेवर उन्हाला बसले होते. सत्तरीचे, ताठ, हाताची बोटं जाड. सुखदेव म्हणाला, "बाबा, ह्या पुन्याच्या बाई."

"हाव. बसा."

मी समोरच्या पाटावर बसले. निवेदनातली वाक्यं आठवेनात. शेवटी म्हटलं, "पुंजाजी, सात वर्षांपूर्वी मी तुमच्या मुलाला खोटं ठरवलं. त्याचं काम खरं होतं. चूक माझी होती."

त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "काय मोजत होता तो? मले त्यानं कधी नीट सांगतलंच नाई. आला तवा म्हने, बाबा, माहं मोजनं त्याईले पटलं नाई. बस."

जवळ सुपात ज्वारी निवडायला ठेवली होती. त्यातले चार दाणे घेऊन मी त्यांच्यासमोर ठेवले. म्हटलं, हे एकाच पेशीचे चार जीव. सगळं जग म्हणत होतं की दोन जगतील, दोन मरतील. तुमच्या मुलाने मोजलं, चारही जगले. कारण शेवाळाच्या पोटातल्या हिरव्या भागाची स्वतःची एक वही असते. काय बनवायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं. ती वही एकाच बाजूकडून मिळते. हे तेव्हा आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याला दिसलं.

ते दाण्यांकडे पाहत होते. "मंग तुमी मोजलं?"

"तेव्हा? नाही."

"आता मोजलं असन. इकडे याच्या अगुदर."

"नाही."

"मंग तुमाले कसं समजलं का तो खरा हाय?"

"परदेशातल्या लोकांनी तेच पाहिलं. ते छापून आलं. मी वाचलं."

पुंजाजींनी मान वर केली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. विहिरीला पाणी किती खोल आहे ते सांगावं तसे ते बोलले.

"म्हंजे इस्वास त्याईच्यावर हाय तुमचा. याच्यावर तवा नव्हता, आन आता बी नाई."

मी सुखदेवकडे पाहिलं नाही. चष्मा नव्हता तरी त्याचा चेहरा मला दिसला असता.

पुंजाजीच पुढे बोलले. "गावात लोकं इचारत, पोरगा पुन्याहून परत काहून आला. मी सांगत होतो, तब्येत बरी नव्हती त्याची. सात वरसं सांगून राहिलो. मी खोटं बोलत नाई, बाई. तेवढं एक बोललो." त्यांनी चारही दाणे उचलून पुन्हा सुपात टाकले. "आल्या, सांगतलं, बरं केलं. दुसरं मी काय म्हनू?"

चहा झाला. निघताना त्यांनी मुलाला शेताचं काही विचारलं, माझ्याकडे पाहून मान हलवली. इतकंच.

पुन्हा अकोला

गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. मूर्तिजापूर आलं. मग मी म्हटलं, "मला मोजायचंय."

"आठ दिवस तरी जातील."

"राहते. तुझी जोडी लावलेली बशी तयार आहे का?"

"दोन्ही प्रकारच्या आहेत. मागच्या आठवड्यात लावल्या." तो पुढे म्हणाला, "मी दर वर्षी एकदा लावतो. स्वतःसाठी."

कॉलेजला तार करून रजा वाढवून घेतली. बाजारात चष्म्याला काचा बसवल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊला शाळेच्या खिडकीशी बसू लागले.

काम कठीण नाही, नाजूक आहे. उजेडात ठेवलेली पेशी फुटते, चार पिल्लं एकमेकांना चिकटून असतात. केसासारख्या काचेच्या सुईने ती आगरवर एकेक वेगळी करायची आणि औषधाच्या बशीत ओळीने ठेवायची. माझ्या हाताला सवय राहिली नव्हती. पहिल्या दिवशी निम्मी पिल्लं मी चिरडली. सुखदेव मागे उभा होता. म्हणाला, "श्वास सोडा आणि मग सुई हलवा." दुसऱ्या दिवशी कमी चिरडली. त्याने माझ्या बशीला हात लावला नाही, मीही लावू दिला नसता.

मग वाट पाहायची. जगलेल्या पिल्लाचा हिरवा ठिपका डोळ्यांना दिसायला पाच-सहा दिवस लागतात. त्या दिवसांत त्याने मला दुसरं कपाट उघडून दाखवलं. आत काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटल्या होत्या. एकीचा कागद त्याने काढला. पाणी पिवळं होतं, जुन्या तुपासारखं.

"साधं शेवाळ अंधारातही हिरवं राहतं, त्याला व्हिनेगरचा क्षार खायला घातला तर," तो म्हणाला. "एकदा अंधारातल्या बशीत एक ठिपका पिवळा आला. तो वेगळा करून वाढवला. हे अंधारात पिवळं होतं आणि उजेडात पुन्हा हिरवं. बघा आता."

दहा वाजता बाटली खिडकीत ठेवली. दुपारी जेवून आलो तेव्हा पाण्याला पोपटी झाक होती. संध्याकाळी ते गवतासारखं हिरवं होतं. मी प्राध्यापक आहे, पाठ्यपुस्तकात हिरवेपणावर एक प्रकरण आहे; पण दिवसभर एका बाटलीसमोर बसून तो रंग येताना मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"वही कुठे आहे ते आता सगळ्यांना कळलं," सुखदेव म्हणाला. "पण मला वाटतं, वही असून भागत नाही. अंधारात वही तीच असते की नाही? तरी हिरवं बनत नाही. उजेड आला की बनू लागतं. मग कोणतं पान कधी वाचायचं हे कोण ठरवतं? केंद्रक? उजेड? की लवक स्वतःच?"

त्याने आणखी एक बाटली दाखवली. तीही पिवळी होती आणि सकाळपासून उजेडातच होती. पण फिकट पोपटीच्या पुढे गेली नव्हती.

"हिच्यात विषमज्वराचं औषध आहे. पेशी मेलेली नाही, पोहते आहे. पण लवकाच्या आतलं काम अडलंय. म्हणजे उजेडाचा निरोप पोचल्यावर काही काम आतच होतं."

"सगळं?"

"नाही. थोडा रंग आलाच ना? काही बाहेरून येतं, केंद्रकाकडून. दोघांनी मिळून करायचं काम दिसतं. पण आधी कोण बोलतं, ते मला सापडत नाही." आणि मग आपल्या बोलीत, स्वतःशीच: "तेच पाहून राहिलो."

शाळेत नियतकालिकं येत नव्हती. औषधं कोपऱ्यावरच्या दुकानातली, बशा मुरंब्याच्या बरण्यांच्या झाकणांच्या. मी त्याला म्हणाले की पुण्यात आमच्यापैकी कुणीही या प्रश्नापर्यंत आलेलं नाही. ते खरं होतं. तो म्हणाला, "मला तिथे येऊन हेच करायचं होतं."

सातव्या दिवशी ठिपके दिसले. एका प्रकारच्या जोडीच्या बशीत माझ्या प्रत्येक ओळीत चार. उलट जोडीच्या बशीत एकही नाही. नुसता स्वच्छ आगर. एका ओळीत तीनच होते, पण चौथ्याच्या जागी सुईचा ओरखडा होता. ते पिल्लू माझ्या हातून गेलेलं. मी भिंग घेऊन सगळ्या ओळी तीनदा मोजल्या. सुखदेव शेजारी बसून मुलांच्या वह्या तपासत होता. त्याने विचारलं नाही. मी सांगितलं, तेव्हा त्याने हातातली वही पुरी तपासली, मग पेनाचं टोपण लावलं.

पुण्याला आल्यावर मी विभागप्रमुखांना सगळं लेखी दिलं, माझ्या सहीने. ते फाइलला लागलं. सुखदेवला परत बोलवावं असं मी सुचवलं. दोन जणांनी होकार दिला, बाकीचे गप्प राहिले. बोलावणं गेलं, पण तो आला नाही. शाळेतच काम पुढे नेऊन स्वतःच्या नावाने छापायला पाठवणार आहे. मसुदा मला वाचायला पाठवतो म्हणाला. मी अकोल्याहून निघताना त्याने शेवाळाच्या दोन नळ्या मला दिल्या. चिठ्ठ्यांवर त्याच्या अक्षरात त्याचं नाव आहे. आमच्या कपाटात त्या तशाच ठेवल्या आहेत, आणि दर पंधरवड्याला मी स्वतः त्या उतरवते.

पण पुंजाजींना कार्ड मी अकोल्याहूनच टाकलं, मोजलं त्याच संध्याकाळी. पोस्टाच्या बाकावर बसून लिहिलं: "मी स्वतः मोजलं. चारांपैकी चार. तुमचा सुखदेव खरा आहे." पेटीत टाकण्याआधी सुखदेवला वाचायला दिलं. पुंजाजींना वाचता येत नाही; अंगणाजवळून जो कुणी जात असेल तोच त्यांना ते वाचून दाखवणार होता.

त्याने वाचलं. कार्ड परत देत म्हणाला, "बाई, 'आहे' नको. 'होता' लिहा. त्यांना तेव्हाचं पाहिजे."

मी 'आहे' खोडून 'होता' लिहिलं.